विल्यम जार्डिनची कँटनमधली पेढी : माळव्याच्या पेटीपासून लंडनच्या चहापर्यंत

बंदरवाट

ब्रिटिश व्यापारी म्हटलं की स्वतःची जहाजं आणि स्वतःच्या मालानं भरलेल्या वखारी असलेला मालक डोळ्यांपुढे येतो. चीनमधल्या कँटनला (आजचं ग्वांगझू) बसलेल्या विल्यम जार्डिनचा मुख्य धंदा मात्र अडतीचा होता. माल, म्हणजे मुख्यतः अफू आणि कापूस, मुंबई-कलकत्त्याच्या व्यापाऱ्यांचा, भावाची जोखीमही बहुतेक त्यांचीच. जार्डिननं तो विकायचा, वसुली करायची, पैसा चहा, रेशीम, चांदी किंवा हुंडीच्या रूपात परत धाडायचा आणि दर टप्प्यावर आपली टक्केवारी कापून घ्यायची. हे सगळं प्रत्यक्षात कसं चालायचं, यासाठी हा धागा. अफूच्या युद्धाच्या राजकारणावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. इथे पेटी, वजन, दर, कागद आणि मुदत यांवर बोलू.

आधी माणूस. जन्म १७८४, स्कॉटलंडमध्ये लॉकमेबनजवळ. एडिंबराला वैद्यकीचं शिक्षण. १८०२ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या 'ब्रन्सविक' जहाजावर सर्जनचा मदतनीस म्हणून भरती. पगार बेताचा, पण कंपनीच्या जहाजांवर अधिकाऱ्यांना हुद्द्याप्रमाणे स्वतःच्या मालासाठी ठरावीक जागा मिळायची आणि खरी कमाई त्या जागेतून व्हायची. व्यापाराचे पहिले धडे त्यानं तिथेच घेतले. १८०५ मध्ये 'ब्रन्सविक' फ्रेंचांच्या हाती लागलं, तेव्हा त्याच जहाजावर जमशेटजी जीजीभॉय प्रवासी होते. पुढे मुंबईहून जार्डिनकडे सर्वांत मोठ्या प्रमाणावर माल पाठवणाऱ्यांत जमशेटजींचं नाव आहे.

१८१७ मध्ये नोकरी सोडून त्यानं लंडनचे टॉमस वीडिंग आणि मुंबईचे फ्रामजी कावसजी यांच्याशी भागीदारी केली. १८२५ मध्ये कँटनच्या मॅग्नियाक पेढीत शिरला, १८२८ मध्ये जेम्स मॅथेसन येऊन मिळाला आणि १ जुलै १८३२ ला पेढीचं नाव जार्डिन, मॅथेसन आणि कंपनी झालं.

एक अडचण सुरुवातीलाच नोंदवतो. १८३४ पर्यंत ब्रिटन आणि चीनमधला व्यापार कंपनीची मक्तेदारी होती. खासगी व्यापाऱ्याला भारत-चीन असा 'देशी व्यापार' परवान्यावर करता येई, पण कँटनला कायम मुक्काम ठोकायला कंपनीची हरकत असे. त्यावर तोडगा म्हणजे दुसऱ्या देशाची वकिली घेणं, म्हणजे त्या देशाचा अधिकृत प्रतिनिधी होणं. मॅग्नियाक बंधूंकडे प्रशियाची वकिली होती, मॅथेसनकडे डेन्मार्कची. त्या झेंड्याखाली राहणाऱ्याला कंपनी हुसकावू शकत नव्हती.

माळवी_हिशेब

बंदरवाट, सुरुवात चांगली केलीत. माळव्याकडची बाजू मी लिहितो, कारण जार्डिनच्या कँटनमधल्या भावाचं मूळ तिथे आहे.

चीनला जाणारी अफू मुख्यतः दोन प्रकारची. बिहार आणि बनारसकडची अफू कंपनीच्या मक्त्याची. शेतकऱ्याला आगाऊ रक्कम द्यायची, चीक कंपनीच्या कारखान्यात आणायचा, कलकत्त्याला लिलाव करायचा. माळव्यात हे शक्य नव्हतं, कारण मुलूख शिंदे, होळकर आणि लहानमोठ्या संस्थानिकांचा. पीक शेतकऱ्याचं, पैसा गावच्या सावकाराचा, घाऊक खरेदी उज्जैन-इंदूर-रतलाम-मंदसोरच्या पेढ्यांची. या व्यापारात उज्जैन-इंदूरकडे वायद्याचा सट्टाही जोरात चाले आणि चीनहून भावाची बातमी आली की आधी तिथे उलथापालथ होई.

पेरणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात, चिरे फेब्रुवारी-मार्चमध्ये. बोंडाला दुपारनंतर बारीक पात्यांच्या हत्यारानं उभे चिरे द्यायचे, रात्रभर चीक पाझरू द्यायचा, सकाळी खरवडून घ्यायचा. माळव्यात तो जवसाच्या तेलात ठेवत, म्हणजे वरून सुकून साय धरत नसे. मग तो दुहेरी कापडाच्या थैल्यांत भरून अंधाऱ्या खोलीत महिना-दीड महिना टांगायचा, जेणेकरून जास्तीचं तेल निथळेल. पावसाळा तोंडावर आला की थैल्या मोठ्या उथळ भांड्यांत रिकाम्या करून माणसांकडून मळून घ्यायचं, सगळा माल एकजीव झाला की गोळे वळायचे आणि अफूच्याच वाळल्या पानांच्या चुऱ्यात घोळून फळ्यांवर सुकत ठेवायचे. माल बांधायला तयार होईपर्यंत दसरा-दिवाळी उजाडे.

बिघाड इथेच होतो. तेल पुरतं निथळलं नाही तर गोळ्याला खवट वास येतो. घाईनं ओला माल पेटीत भरला तर प्रवासात बुरशी धरते, गोळे एकमेकांना चिकटतात आणि आकार बसतो. शिवाय ओल सुकल्यावर वजन घटतं आणि तूट माल पाठवणाऱ्याच्या खाती पडते. नीट वाळलेली माळवी अफू बंगालच्या अफूपेक्षा बरीच कोरडी, म्हणजे त्याच वजनात अर्क जास्त. चिनी खरेदीदारानं ती उचलली त्याचं हे एक कारण, दुसरं म्हणजे ती स्वस्त होती.

पेटीचं माप लक्षात ठेवा. माळव्याची पेटी साधारण एक पिकुलची, म्हणजे चिनी मापात १०० कॅटी, १३३⅓ पौंड, आपल्या हिशेबात साठ किलोच्या आसपास. बंगालच्या पेटीत ४० मोठे गोळे, दोन थरांत वीस-वीस, प्रत्येक गोळ्यावर पाकळ्यांचं जाड कवच.

शेवंती_मोगरा

माहितीबद्दल आभार. एक विचारते. माळव्याची पुष्कळ अफू दमणहून जायची असं वाचनात येतं. जवळ मुंबईसारखं बंदर असताना माल दमणला का नेत? आणि कंपनीला ते चालत कसं होतं?

माळवी_हिशेब

शेवंतीताई, कंपनीला ते अजिबात चालत नव्हतं. माळव्याचा माल चीनला गेला की कलकत्त्याच्या लिलावाचे भाव पडत. म्हणून १८०५ च्या सुमारास मुंबईतून माळवी अफू पाठवायला बंदी झाली. दमण पोर्तुगीजांचं, तिथे बंदी लागू नाही. मग माल राजपुतान्यातून पाली, जैसलमेर असा सिंधमध्ये कराचीला आणि तिथून समुद्रानं खाली दमणला उतरे. वळसा प्रचंड मोठा, पण इंग्रजांच्या नाक्यांबाहेरचा. गोवेकर व्यापारी रोजेरिओ द फारिया यांचं नाव याच दमणच्या व्यवहारात येतं आणि जमशेटजींशी त्यांचे धंद्याचे संबंध होते.

कंपनीनं आधी संस्थानिकांशी करार करून माल स्वतः विकत घेऊन पाहिला. होळकरांशीही तसा करार झाला होता. ते टिकलं नाही, कारण दर वर्षी चोरटा माल वाढतच गेला. शेवटी १८३०-३१ मध्ये परवान्याची पद्धत आली. पेटीमागे १७५ रुपये भरा, परवाना घ्या, माल सरळ मुंबईला आणा. तरीही दमणचा रस्ता स्वस्त पडत राहिला, म्हणून १८३५ मध्ये दर १२५ वर आणावा लागला. १८४३ मध्ये इंग्रजांनी सिंध घेतलं, कराचीचा रस्ता बंद झाला आणि मग दर कसा चढला पाहा : १८४३ मध्ये २००, १८४५ मध्ये ३००, १८४७ मध्ये ४००. दुसरी वाट उरली नाही, की जकातदार हवा तो आकडा लावतो.

१८३० नंतर मुंबईच्या व्यापाऱ्याचा खर्च आधी कळू लागला आणि जार्डिनला पाठवायच्या मालाचा अंदाज बांधता आला, तो या परवान्यामुळे.

लिंतिन_बेट

आता माल चीनच्या किनाऱ्यावर पोचल्यावरचं.

कँटनच्या व्यापाराला १७५७ पासून कडक चौकट होती. परदेशी जहाजांना तेवढं एकच बंदर खुलं. व्यवहार फक्त सरकारमान्य हाँग व्यापाऱ्यांशी, आणि प्रत्येक जहाजामागे त्यांच्यातला एक जण जामीन. जहाज मकावजवळ वाटाड्या घेई, नदीच्या मुखाशी बोगच्या किल्ल्यांशी परवाना दाखवी आणि कँटनच्या अलीकडे व्हांपोआला नांगर टाकी. तिथे मोजणीचा कर : पुढच्या आणि मागच्या डोलकाठ्यांमधलं अंतर गुणिले मधली रुंदी, त्यावर दर. शिवाय जहाज लहान असो की मोठं, १,९५० तैलांचा (तैल म्हणजे चांदीचं चिनी वजन) 'नजराणा'. त्यामुळे लहान जहाजाला व्हांपोआ परवडत नसे. तांदूळ आणणाऱ्या जहाजांना करात सूट होती, म्हणून पुष्कळ जण बाहेरच तांदूळ चढवून मग आत शिरत.

हा सगळा कायदेशीर मालाचा रस्ता, म्हणजे कापूस, कथील, मिरी यांचा. अफूवर बंदी. विक्री आणि ओढण्यावर १७२९ चं फर्मान, आयातीवर अठराव्या शतकाच्या अखेरचं. म्हणून १८२१ नंतर अफू व्हांपोआच्या बाहेर, नदीच्या मुखातल्या लिंतिन बेटाशी थांबली. तिथे शिडं-डोलकाठ्या उतरवलेली जुनी जहाजं तरंगती कोठारं म्हणून उभी असत. जार्डिनचं 'हर्क्युलीज' त्यांतलंच.

व्यवहाराचा क्रम असा. चिनी दलाल कँटनला पेढीत येऊन भाव ठरवतो आणि चांदी तिथेच मोजून देतो, आगाऊ. पेढी त्याला सुपूर्दगीची चिठ्ठी देते : अमुक जहाजावरून, अमुक खुणेच्या, इतक्या पेट्या. दलालाच्या होड्या, दोन्ही बाजूंनी मिळून चाळीस-साठ वल्ह्यांच्या आणि शस्त्रं बाळगणाऱ्या, लिंतिनला जातात. तिथे पेटी फोडून माल तपासला, तोलला आणि चटयांच्या पिशव्यांत भरला जातो. मुदतीत माल उचलला नाही तर कोठारभाडं वेगळं. गस्तीच्या अधिकाऱ्यांचा हप्ताही ठरलेला, पेटीमागे साधारण ५ डॉलर.

यात जार्डिनची बाजू भक्कम का, ते पाहा. उधारी नाही, जामीन हाँग व्यापारी नाही, बंदराचा कर नाही. माल बोटीत गेला की पुढे पकडला जाण्याची सगळी जोखीम चिनी खरेदीदाराची.

तपासणीतही फरक होता. बंगालच्या पेटीवर कंपनीची मोहोर असे आणि खरेदीदार त्या मोहोरेवर भरवसा ठेवत. माळव्याचा माल अनेक पेढ्यांचा, म्हणून त्याची परीक्षा कसून होई. तुकडा पाण्यात विरघळवायचा, गाळायचा, आटवायचा, किती अर्क हाती लागला ते पाहायचं आणि ओढून चव घ्यायची. माती, गूळ, पानांचा चुरा जास्त निघाला की त्या खुणेचा सगळा माल खाली येई. भेसळ एकाची, पण ती खूण वापरणाऱ्या पूर्ण पेढीला पुढच्या हंगामापर्यंत भोवे.

सराफकट्टा

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो पैसा परत आणण्याचा भाग. हिशेबासाठी आकडे धरू.

मुंबईच्या एका व्यापाऱ्यानं १०० पेट्या माळवी अफू पाठवली आणि पेटीला ६०० स्पॅनिश डॉलर भाव मिळाला. एकूण ६०,००० डॉलर. विक्रीवर ३ टक्के अडत म्हणजे १,८०० गेले, उरले ५८,२००. हुंडीनं परत पाठवायची १ टक्का, म्हणजे ५८२, उरले ५७,६१८. शंभर डॉलरला २१५ रुपये दर धरला तर मुंबईत १,२३,८७९ रुपये. यातून १७५ च्या दरानं परवान्याचे १७,५०० रुपये, मग जहाजभाडं, विमा, मुंबईची दलाली आणि आगाऊ उचल घेतली असेल तर तिचं व्याज. उरेल त्यातून माळव्याची खरेदी भागली पाहिजे. जार्डिनचे २,३८२ डॉलर मात्र भाव चढो की पडो, सुटलेलेच.

हुंडीच का, याचं उत्तर वजनात आहे. ६०,००० डॉलर चांदी म्हणजे ४३,२०० तैल, सोळाशे किलोपेक्षा जास्त. शिवाय डॉलर खरे की खोटे, पारख करावी लागे. चिनी सराफ प्रत्येक नाण्यावर आपला ठसा ठोकत, त्यामुळे नाणी झिजून-फुटून तुकडे होत आणि शेवटी तोलूनच घ्यावी लागत. चार्ल्स राजाच्या चेहऱ्याच्या जुन्या डॉलरला जास्त मान आणि जास्त भाव. साईसी चांदीच्या लगडी शुद्ध, पण त्या देशाबाहेर न्यायला चिनी सरकारची बंदी. तरी त्या लिंतिनवरून जातच होत्या.

आता यातली युक्ती. कंपनीला कँटनला चहा घ्यायला दर वर्षी मोठी रक्कम लागे आणि चांदी इंग्लंडहून आणणं महाग. जार्डिनकडे अफू-कापसाची चांदी पडलेली आणि त्याला ती भारतात किंवा लंडनला पोचवायची. म्हणून त्यानं चांदी कंपनीच्या कँटन खजिन्यात भरायची आणि कंपनीनं त्याला बंगाल सरकारवर किंवा लंडनच्या संचालकांवर हुंडी द्यायची. कंपनी स्वतःच्या जहाजावर अफूचा कण चढवत नसे, पण चहाचा पैसा तिला अफूतूनच मिळे. १८३४ मध्ये मक्तेदारी संपल्यावर ही सोय आटली. मग अमेरिकन व्यापाऱ्यांनी आणलेल्या लंडनच्या हुंड्यांचं महत्त्व वाढलं. ते पूर्वी चांदीची पिंपं आणत, आता लंडनवरचा कागद आणू लागले आणि तो जार्डिन विकत घेई.

दर आठवड्याचा हुंडीचा भाव, चांदीचा भाव, अफूचा भाव पत्रांतून मुंबईला जाई. एका पत्राच्या दोन-तीन प्रती, वेगवेगळ्या जहाजांनी. पहिलं बुडालं तर दुसरं पोचेल. हुंडीचंही तसंच : पहिली, दुसरी, तिसरी प्रत, एक वटली की बाकीच्या रद्द.

खाडीकाठ

सगळे प्रतिसाद मन लावून वाचले. एक गोष्ट या हिशेबातून निसटू नये. १८२० च्या सुमाराला वर्षाला चार-पाच हजार पेट्या जात, १८३० चं दशक संपताना पस्तीस-चाळीस हजार. ही वाढ लाखो चिनी माणसांच्या व्यसनातून आली. बंदी असलेला माल आहे हे जार्डिनला, मॅथेसनला, कलकत्त्याच्या लिलावदाराला आणि मुंबईच्या पेढ्यांनाही पक्कं ठाऊक होतं. मुंबईत जे. जे. रुग्णालय, जे. जे. कलाशाळा, माहीमचा कॉजवे यांमागे जीजीभॉय घराण्याचा पैसा आहे आणि त्या संपत्तीत अफूचा वाटा मोठा. दान खरं आहे, आणि तो पैसा कुठून आला हेही खरं. दोन्ही एकाच परिच्छेदात लिहिलं पाहिजे.

बंदरवाट

खाडीकाठ, पूर्ण सहमत. म्हणूनच हा व्यवहार बारकाईनं कळला पाहिजे. प्रत्येक जण आपल्या टप्प्यापुरता कायदेशीर राहिला. कंपनी लिलाव करून मोकळी, मुंबईचा व्यापारी परवाना घेऊन मोकळा, जार्डिन चिठ्ठी देऊन मोकळा. जोखमीचा आणि गुन्ह्याचा शेवटचा टप्पा चिनी होड्यांवर ढकललेला होता.

कँटनमधल्या रोजच्या जगण्याविषयी थोडं लिहितो. नदीकाठी तेरा परदेशी वखारी, एकाला लागून एक. जार्डिन मॅथेसनची पेढी पूर्वेच्या टोकाला, ओढ्याकाठच्या वखारीत. तळमजल्यावर गोदाम, नोकरांच्या खोल्या आणि जाड दगडी भिंतींचा, लोखंडी दाराचा खजिना. खजिन्यासमोर फरसबंदी जागा आणि तिथे चांदी तोलायचे काटे. वर कचेरी, जेवणघर, झोपायच्या खोल्या. घरातला प्रत्येक नोकर कंप्रादोरनं, म्हणजे पेढीच्या चिनी कारभाऱ्यानं, आणलेला आणि त्याच्या जबाबदारीवर. रोजचा बाजार, रोकड, नाण्यांची पारख सगळं त्याच्या हातून. कंप्रादोर बिघडला की पेढी ठप्प.

परदेशी बायकांना कँटनला मज्जाव, म्हणून कुटुंबं मकावला. हंगाम संपला की व्यापाऱ्यांनीही मकावला जायचं असा नियम. तो १८३० च्या दशकात फारसा पाळला जात नव्हता. शहराच्या तटाच्या आत प्रवेश नाही. पलीकडच्या काठच्या बागांत चिनी महिन्याच्या ८, १८ आणि २८ तारखेला, दुभाष्याबरोबर, थोड्या संख्येनं. चिनी भाषा शिकवणाऱ्यालाच शिक्षा, म्हणून बोलणं चालायचं कामचलाऊ पिजिनमध्ये. सरकारला अर्ज करायचा तर हाँग व्यापाऱ्यांमार्फत. असाच अर्ज घेऊन शहराच्या दाराशी गेला असता जार्डिनच्या डोक्यात वरून फटका बसला आणि तो मागे वळूनही पाहीना. तेव्हापासून चिनी लोक त्याला 'लोखंडी डोक्याचा म्हातारा उंदीर' म्हणू लागले. त्याच्या कचेरीत त्याची स्वतःची तेवढी एक खुर्ची असे, येणाऱ्यानं उभ्यानं काम सांगून निघायचं.

डोलकाठी

जहाजांबद्दल. मुंबईहून चीनला जायचं तर नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यावर, मे ते ऑगस्टमध्ये. परतायचं ईशान्य वाऱ्यावर, हिवाळ्यात. जुन्या जड जहाजांची म्हणून वर्षाला एकच फेरी. कलकत्त्याचा लिलाव डिसेंबर-जानेवारीपासून सुरू व्हायचा आणि नेमका तेव्हा वारा समोरून. माल लवकर पोचवेल त्याला चढा भाव.

हुगळीत बांधलेलं 'रेड रोव्हर' याच कामासाठी. जेमतेम २५४ टनांचं, अरुंद, उंच डोलकाठ्यांचं. कप्तान विल्यम क्लिफ्टननं १८२९ च्या डिसेंबरच्या अखेरीस कलकत्ता सोडलं, ईशान्य वाऱ्याच्या तोंडावर मकाव गाठलं आणि एप्रिलच्या सुरुवातीला परत. एका हंगामात दोन-तीन फेऱ्या शक्य झाल्या. माल कमी मावतो याची अफूला अडचण नाही. सराफकट्टांच्या उदाहरणातल्या १०० पेट्या म्हणजे सहा टन. तेवढ्याच ६०,००० डॉलरचा कापूस, पिकुलला १० डॉलर धरला तर ६,००० पिकुल, साडेतीनशे टनांहून जास्त.

कापसाचं तंत्र वेगळं. मुंबईत खंडी ७८४ पौंडांची, गाठ अर्ध्या खंडीची, ३९२ पौंड. स्क्रूच्या दाबयंत्रात गाठ नीट आवळली नाही तर जहाजात जागा जाते आणि भाडं जागेवर आकारलेलं असतं. कोटातल्या मैदानावर उघड्यावर ढीग असत, त्यामुळे धूळ, सरकी, पावसाची ओल. १८४४ मध्ये हा बाजार कुलाब्याला हलवला. ओला कापूस दाबला की आतून काळा पडतो आणि तापतो. चीनमध्ये भाव देशी पिकावर ठरे, तिकडे नानकिंगचा कापूस चांगला आला की मुंबईचा पडून राही. शिवाय कापसाचे पैसे रोख मिळत नसत, हाँग व्यापारी चहाच्या बदल्यात तो घेत.

सराफकट्टा

डोलकाठींनी शेवटी लिहिलं तिथेच जार्डिनची सर्वांत मोठी अडचण होती. अफूत रोख, पण कापूस-चहात उधारी. हाँग व्यापाऱ्यांतला वू बिंगज्यान, म्हणजे हौक्वा, अतिशय सधन आणि शब्दाचा पक्का. बाकीचे बरेच भांडवलानं लहान, अधिकाऱ्यांच्या वर्गण्यांनी पिचलेले, आणि ते चहाच्या खरेदीसाठी परदेशी पेढ्यांकडून महिन्याला टक्क्याच्या आसपास किंवा जास्त व्याजानं उचल घेत. १८३० च्या दशकाच्या मध्याला हिंगताय हाँग बुडाला, वीस लाख डॉलरपेक्षा जास्त देणं ठेवून, आणि त्यात जार्डिन मॅथेसन मोठे सावकार होते. एका हाँगचं देणं सगळ्या हाँगांनी मिळून फेडायचं असा नियम, पण हप्ते वर्षानुवर्षांचे आणि बहुधा बिनव्याजी.

दुसरी बाजू कलकत्त्याची. १८३० च्या जानेवारीत पामर आणि कंपनी कोसळली, १८३४ पर्यंत तिथल्या बाकीच्या मोठ्या अडत पेढ्याही. कारण नीळ. पैसा निळीच्या मळ्यांत अडकला, भाव पडले, ठेवीदार परत मागायला आले. त्यांच्यावर काढलेल्या हुंड्या ज्यांच्या हातात, ते अडकले. जार्डिन-मॅथेसननं त्यानंतर हुंडी कुणाची घ्यायची याबाबत फार कडक धोरण ठेवलं, आणि मुंबईचे व्यापारी, विशेषतः जमशेटजी, त्यांना जास्त भरवशाचे वाटू लागले ते याच काळात.

विम्याचं एका वाक्यात : कँटन इन्शुरन्स सोसायटी मॅग्नियाकची पेढी आणि प्रतिस्पर्धी डेंटची पेढी आळीपाळीनं चालवत. १८३० च्या दशकाच्या मध्याला ते फाटलं, डेंटनं वेगळी युनियन सोसायटी काढली आणि जार्डिननं कँटन इन्शुरन्स ऑफिस. माल पाठवणाऱ्याकडून विक्रीची अडत आणि विम्याचा हप्ता, दोन्ही एकाच घरात येऊ लागले.

शेवंती_मोगरा

शेवटचा प्रश्न. १८३९ मध्ये जप्त झालेल्या पेट्या मुंबईच्या व्यापाऱ्यांच्या होत्या ना? अडत्याकडून माल गेला तर नुकसान कुणाचं धरलं?

लिंतिन_बेट

बहुतांश माल भारतातल्या मालकांचाच. जार्डिन त्याआधीच, जानेवारी १८३९ मध्ये, कँटन सोडून निघाला होता, पेढी मॅथेसनकडे. १० मार्चला अफू बंद करायला चिनी बादशहानं पाठवलेला अधिकारी लिन झेशू कँटनला आला. त्यानं वखारी वेढल्या, नोकर काढून घेतले, सगळी अफू मागितली. २७ मार्चला ब्रिटिश अधीक्षक चार्ल्स एलियटनं ब्रिटिश सरकारच्या नावानं पेट्या आपल्या ताब्यात मागितल्या आणि मग त्या लिनला दिल्या. कळीचा मुद्दा तोच. माल व्यापाऱ्यानं चिन्यांना दिला असता तर ती चोरट्या मालाची साधी जप्ती झाली असती. आता तो ब्रिटिश सरकारनं घेतला, म्हणजे भरपाईही सरकारकडे मागायची. एकूण २०,२८३ पेट्या, त्यांतल्या सुमारे ७,००० एकट्या जार्डिन मॅथेसनमार्फत. बाजार आधीच मंदावला होता, कोठारांत माल तुंबला होता, त्यामुळे पेट्या सोपवायला व्यापारी फारसे अडून बसले नाहीत.

लिननं ३ जूनपासून हूमेनला त्या नष्ट केल्या. खणलेल्या मोठ्या हौदांत पाणी आणि मीठ, त्यात अफू फोडून भिजवायची, वर चुना टाकायचा, घुसळायचं आणि ओहोटीला समुद्रात सोडायचं. जवळजवळ तेवीस दिवस लागले. नुसती जाळली तर जमिनीत झिरपलेला अंश लोक खणून काढतात, म्हणून हा खटाटोप.

व्यापाऱ्याच्या हातात राहिला एलियटचा दाखला. माल अडतीवरचा, म्हणून तोटा मालकाचा. अडत्याची अडत बुडाली आणि आगाऊ दिलेली उचल अडकली. दाखले सवलतीत विकलेही जाऊ लागले, ज्याला लगेच पैसा हवा त्यानं कमी किमतीत विकले. लंडनला पोचलेल्या जार्डिननं ब्रिटिश परराष्ट्रमंत्री पामर्स्टनला भेटून नकाशे, बंदरांची माहिती आणि किती जहाजं लागतील याचा अंदाज दिला. मग झालेलं अफूचं युद्ध ज्यानं संपलं त्या २९ ऑगस्ट १८४२ च्या नानकिंग तहात चीनकडून २ कोटी १० लाख डॉलर घेतले : १ कोटी २० लाख युद्धखर्चाचे, ३० लाख हाँग व्यापाऱ्यांच्या देण्याचे, ६० लाख अफूचे. शेवटची रक्कम २०,२८३ पेट्यांवर वाटली तर पेटीमागे २९६ डॉलर पडतात. हिंगतायसारख्या बुडालेल्या हाँगांच्या सावकारांचं देणंही याच तहातून वसूल झालं, हे सराफकट्टांच्या मुद्द्याला जोडून घ्या.